दादा नेट नीट करायला यायचा

माझ्या लॅपटॉपचं वाय-फाय पहिल्यांदा तुटायला लागलं, तेव्हा तो बिघाड खरा होता. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे कळलं त्यानंतर बरेच महिने मला वाटत राहिलं, की सगळं पहिल्यापासूनच खोटं होतं. तसं नव्हतं.

आम्ही वसमतजवळच्या हट्टा गावात राहायचो. घरात अण्णा म्हणजे माझे वडील, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा दादा, वहिनी आणि मी. आई मी बारावीत असतानाच गेली. अण्णांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला. बोलणं राहिलं, पण एकेक शब्द शोधत, मधेच थांबत. दादाचं बसस्टँडजवळ झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान होतं. वहिनी अंगणवाडीत जायच्या. सकाळी दुकानात जायच्या आधी दादा अण्णांना आंघोळ घालायचा, दाढी करायचा, खुर्चीत बसवून द्यायचा. त्यानंतर दिवसभर घरी अण्णा आणि मी. जेवण भरवणं, औषधं, हाताला तेल लावून बोटं उघडणं-मिटणं, लघवीचं भांडं, सगळं माझ्याकडे. मला त्याचं कधी ओझं वाटलं नाही. अण्णांनी मला गणितात एम.एस्सी. करू दिलं होतं, तेही वसमतला नाही, थेट नांदेडला खोली करून. भावकीतल्या कुणाच्याच मुलीला तसं मिळालं नव्हतं.

पुण्याची एक कंपनी आठवी-नववीच्या मुलांच्या ऑनलाईन शिकवण्या घेते, तिथे मला काम मिळालं ते दादामुळेच. जाहिरात त्यानंच दुकानात बघितली, फॉर्म त्यानंच भरला. लॅपटॉप नांदेडहून त्यानंच आणला. घरात फायबरचं नेट घेतलं, राऊटर बसवला, पासवर्ड टाकला, सगळं त्यानं केलं. माझ्या पहिल्या तासाला तो दाराआड उभा राहून ऐकत होता. तास संपल्यावर म्हणाला, "लई भारी शिकवतीस गं. मला अशी मास्तरीण असती तर मी बी पास झालो असतो."

तो पहिला बिघाड असा होता, की दर पंधरा-वीस मिनिटांनी कोपऱ्यातलं वाय-फायचं चिन्ह जायचं आणि तिथे पृथ्वीचा गोळा यायचा. मुलांचे चेहरे जागच्या जागी थिजायचे. एका रविवारी दादा दुपारभर त्या लॅपटॉपपुढे मांडी घालून बसला. राऊटर माजघरात लोखंडी कपाटामागे होता, तो काढून त्यानं फळीवर ठेवला. मग सेटिंगांमध्ये खोल खोल जात एका ठिकाणी थांबला आणि हसायलाच लागला.

"हे बघ. वीज वाचवायसाठी हा लॅपटॉप नेटचं कार्डच बंद करून राहिला. तू बोलत बसतीस, अन् हा झोपी जातो."

त्यानं तिथली खूण काढली. नेट जायचं थांबलं. उठताना तो मला म्हणाला, "पुन्हा गेलं तर वेळ लिहून ठेवत जा. कवा गेलं, किती मिंटं गेलं, राऊटरचा दिवा कसा व्हता. त्याबिगर बिघाड सापडत न्हाई." मी अण्णांच्या औषधांच्या वहीतच मागच्या पानांवर रकाने आखून ठेवले.

दीड महिना काहीच झालं नाही. रकाने कोरेच होते. मग एके दिवशी कंपनीतल्या मोठ्या बाईंचा फोन आला. पुण्यात कायमची जागा होती. नवीन शिक्षकांना तयार करायचं काम. त्यासाठी त्या माझे सहा जादा तास, दिवसा ठेवलेले, स्वतः बसून बघणार होत्या.

रात्रीच्या जेवणाला मी हे सांगितलं. वहिनी भाकरी थापता थापता थांबल्या. दादा म्हणाला, "मस्त झालं की." मग भाजीत भाकरी बुडवत त्यानं विचारलं, "पुण्यालाच ऱ्हावं लागंल?"

"व्हय. पण तीन-चार महिन्यांत खोली बघून मी अण्णांना घेऊन जाईन. तिथं हाताचा व्यायाम करून घेणारे चांगले लोक हायत म्हणे."

"बघू. आधी व्हऊ तर दे," तो म्हणाला. अण्णा चेहऱ्याच्या डाव्या बाजूनं हसले. मला वाटलं, सगळ्यांनाच आनंद झालाय.

बाई बसल्या त्या पहिल्याच तासाला सातव्या मिनिटाला नेट गेलं. मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "थांब, येऊन राहिलो." पाच-सहा मिनिटांत त्याची मोटारसायकल दारात. बूट न काढता आत आला, राऊटर बंद-चालू केला, लॅपटॉपवर चार ठिकाणी टिचक्या मारल्या, नेट आलं. पण तोवर बाई निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या वेळेला अगदी सुरुवातीलाच गेलं. तिसऱ्या वेळेला मी उदाहरण निम्मं सोडवलं होतं, तेव्हा. दर वेळी दादा आला. एकदा त्यानं कार्डचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, काढून नव्यानं टाकला. एकदा राऊटरचं चॅनेल बदललं, म्हणाला शेजाऱ्यांच्या राऊटरचा त्रास होत असंल. एकदा तर तो डब्यावरून उठून आला होता. हाताला वरण लागलेलं, तसाच गाडी चालवत. आमच्या मोरीत हात धुतला आणि ओल्या हातानंच राऊटरकडे गेला. मी म्हटलं, "अरे, जेवण तरी करून यायचंस." तो म्हणाला, "तुझं महत्त्वाचं हाय का माझं जेवण?"

त्या दिवशी मी वहिनींना म्हणाले, "वैनी, दादासारखा भाऊ कुणाला नसंल." वहिनी मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "व्हय," एवढंच म्हणाल्या.

फायबरवाल्याला बोलावलं. त्यानं वायर बघितली, दिवे बघितले, म्हणाला लाईन साफ आहे. आणि खरंच, मोबाईलवर नेट नीट चालायचं. त्याच घरात, त्याच राऊटरवर. फक्त लॅपटॉपचं जायचं. मोबाईलवरून तास घेता येत नव्हता, कारण कंपनीचा फळा लॅपटॉपवरच उघडायचा. मोबाईलचं नेट लॅपटॉपला जोडून बघितलं, पण आमच्या घरात सिम कार्डाची रेंज एक दांडी. गच्चीवर जाऊन बसले तर आवाज तुटायचा.

सगळ्यात वाईट हे होतं, की माझे रोजचे संध्याकाळचे तास बिनघोर चालायचे. बाईंनी एकदा फोनवर विचारलंच. आवाज गोड होता, पण शब्द लागले. "मॅडम, तुमचे नेहमीचे तास छान होतात. मग आम्ही बसतो तेव्हाच काय होतं?" त्यांना वाटत होतं, मी घाबरून स्वतःच बंद करते. मी शपथा घेतल्या. त्यांनी उरलेले तीन तास नक्की बघू म्हणून सांगितलं.

रोज सकाळी गाडीची किल्ली हातात घेऊन दादा विचारायचा, "आज हाय का तुझ्या बाईचं? कितीला?" मी वेळ सांगायचे. तो म्हणायचा, "बिनधास्त घे."

मग मी एका सकाळी अण्णांना शेजारच्या काकूंच्या भरवशावर ठेवून लॅपटॉप घेऊन वसमतला गेले. मोंढ्याच्या रस्त्याला एका चाचांचं दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी ते रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे, आता लॅपटॉप. पांढरी दाढी, कपाळावर भिंग लावलेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मोबाईल चालतो आणि लॅपटॉप जातो म्हटल्यावर म्हणाले, "तो फिर कार्ड गया होगा. ये लगाके देखो दो-चार दिन." त्यांनी नखाएवढं एक डोंगल दिलं. ते खोचलं की आतलं कार्ड वापरावंच लागत नाही.

डोंगल लावून घेतलेला चौथा तास पूर्ण झाला. पाऊण तास, एकदाही न तुटता. शेवटी बाई स्वतः म्हणाल्या, "हेच बघायचं होतं मला." मी अण्णांचा चांगला हात धरून नाचायचीच बाकी होते. संध्याकाळी दादा घरी आला तसं मी दारातच सांगितलं, "दादा, लॅपटॉपचं कार्डच गेलं व्हतं! चाचांनी हे नवीन दिलं, आता बघ कसं चालतंय."

त्यानं डोंगल काढून उलटंपालटं करून बघितलं. "चांगलं केलं," म्हणाला.

पाचव्या तासाला नवव्या मिनिटाला नेट गेलं.

मी परत वसमतला. या वेळी चाचांनी लॅपटॉप स्वतःच्या दुकानातल्या वाय-फायला जोडला आणि मला म्हणाले, बसा. मी दोन तास तिथे बसून होते. कार्डावर एक तास, डोंगलवर एक तास. एकदाही तुटलं नाही. मग त्यांनी विचारलं, नेट कधी कधी जातं ते काही लिहिलंय का. मी वही दिली. ते बोटानं एकेक ओळ खाली सरकत गेले आणि म्हणाले, "ये जो टाईम है, इस टाईम पे क्या रहता आपका?"

"बाई बघायला बसतात तो तास."

"हर बार?"

मी वही परत घेतली. मी गणित शिकवते. एखाद्या मुलानं असे चार आकडे माझ्यासमोर ठेवले असते तर त्यांच्यातला संबंध मी एका नजरेत सांगितला असता. इथे दोन महिने मी स्वतःच्या हातानं लिहीत होते, आणि मला दिसलं नव्हतं.

चाचांनी भिंग कपाळावरून काढून टेबलावर ठेवलं. "राऊटर का पासवर्ड किसके पास है?"

"माझ्या भावाकडं."

त्यांनी लॅपटॉप बंद करून माझ्याकडे सरकवला. "बहन, मैं कुछ नहीं बोलता. मशीन बराबर है. घर जाके राऊटर का पन्ना खोलके देख लेना एक बार." डोंगलसुद्धा राहू द्या म्हणाले.

बसमध्ये मी स्वतःला समजावत होते, की राऊटरमध्येच काही चुकीचं सेटिंग पडलं असेल. दादाला तसं सांगितलं की तो काढून टाकेल. हट्टा येईपर्यंत मी त्याला तीनदा फोन लावायला घेतला आणि तीनदा ठेवला. का ठेवला, ते तेव्हा कळलं नाही.

घरी काकू अण्णांजवळ बसल्या होत्या. त्या गेल्यावर मी मोबाईलवर राऊटरचं पान उघडलं. राऊटरच्या पाठीवर छापलेला पासवर्ड चालला नाही, बदललेला होता. दादा सगळीकडे मोटारसायकलचा नंबरच पासवर्ड ठेवतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तो टाकला. पान उघडलं.

घरात जोडलेल्या वस्तूंची यादी होती. प्रत्येकीला दादानं नाव दिलेलं. टीव्ही. दादा. वैनी. छोटी मोबाईल. छोटी लॅपटॉप. आणि सगळ्यात खाली, छोटी नवीन. मला घरात छोटी म्हणतात. त्यानं डोंगललासुद्धा नाव दिलं होतं.

'छोटी लॅपटॉप' आणि 'छोटी नवीन' यांच्यापुढे घड्याळाचं चिन्ह होतं. दाबलं. आत वेळा होत्या, ज्या वेळेत त्या दोन्हींना नेट द्यायचं नाही. गेल्या तासांच्या वेळा तिथे नव्हत्या, त्या तो काढून टाकत असणार. एकच होती. उद्याची. अकरा ते साडेअकरा.

सहावा, शेवटचा तास दुसऱ्या दिवशी अकरालाच होता. सकाळी दादानं उद्याचंही विचारलं होतं आणि मी सांगितलं होतं.

अण्णा खुर्चीतून म्हणाले, "काय... झालं?" मी म्हटलं, काही नाही. त्यांना पाणी पाजलं. निम्मं त्यांच्या अंगावर सांडलं.

आता लोक विचारतील, ती वेळ मी तिथल्या तिथे पुसून का टाकली नाही. एक बटण होतं. दाबलं असतं तर माझा तास झाला असता. मी खूप विचार केलाय याचा. मी पुसली नाही, कारण मला वाटलं, तो स्वतः पुसेल. मला त्याला ती संधी द्यायची होती. जेवताना मी मुद्दाम म्हणाले, "दादा, उद्याचा शेवटचा हाय. गेला तर मग संपलंच. बाईंनी तसं स्पष्ट सांगितलं."

तो ताटात बघत म्हणाला, "काही काळजी करू नको."

मी वहिनींकडे बघितलं. वहिनी लगेच उठून चुलीकडे गेल्या. तिकडे काही कामच नव्हतं, चूल विझलेली होती. मला तेव्हा कळलं, की त्यांना माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी अकराला पाच कमी असताना तास उघडला. बाई आल्या, मुलं आली. मी "सुप्रभात" म्हणाले. अकरा वाजले आणि पृथ्वीचा गोळा आला.

या वेळी मी फोन केला नाही. लॅपटॉपसमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिले. अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याचाच फोन आला.

"नेट बराबर हाय ना गं?"

मी कोपऱ्यातल्या त्या गोळ्याकडे बघत राहिले.

"छोटे? फोन न्हाई केलास आज?"

"गेलंय," मी म्हणाले.

"थांब, येऊन राहिलो."

तो आला. नेहमीसारखा बूट घालूनच आत, नेहमीसारखा राऊटरपाशी वाकला. मी त्याला बटण बंद करू दिलं, दहापर्यंत मोजू दिलं, चालू करू दिलं. मग तो लॅपटॉपकडे वळला तसा मी माझा मोबाईल त्याच्यासमोर धरला. ते पान उघडंच ठेवलं होतं.

त्यानं बघितलं. आधी म्हणाला, "हे आपोआप पडलं असंल. अपडेट आलं की पडतंय असं."

"छोटी नवीन असं बी आपोआप पडलं?"

तो खाली बसला. भिंतीला टेकून, गुडघे वर घेऊन, जसा लहानपणी बसायचा. अण्णा पलीकडच्या खोलीत होते, त्यामुळे आम्ही दोघं हळूच बोलत होतो. मला किंचाळायचं होतं आणि मी कुजबुजत होते.

"काहून केलंस?"

"तू गेली तर अण्णाचं कोण करंल?"

"मी घेऊन जाईन म्हणलं व्हतं."

"अशा गोष्टी म्हणायच्या असत्यात. तिथं तुझं काम दिवसभराचं. तू न्हाई नेलं तर? माझं दुकान बंद पडंल. तिला अंगणवाडी सोडावी लागंल."

"मग तसं म्हणायचं! तोंड व्हतं ना तुला? मला सांगायचं, छोटे, जाऊ नको. आपण बसून बोललो असतो."

"बोललो असतो तर तू राहिली असतीस," तो म्हणाला. "अन् जन्मभर मी तुला अडवलं म्हणून बघत राहिली असतीस माझ्याकडं. हे असं झालं असतं तर कुणाचीच चूक न्हाई. नेटच खराब."

त्यानं हे अगदी साधेपणानं सांगितलं. त्यानं खूप विचार करून केलं होतं. त्याला माझी माया हवी होती आणि मी घरातही हवी होते, आणि दोन्ही राहतील असा रस्ता त्यानं शोधला होता. त्या रस्त्यात फक्त मी मूर्ख ठरत होते. दोन महिने मी त्या लॅपटॉपला दोष दिला, फायबरवाल्याला दिला, नशिबाला दिला. बाईंपुढे शपथा घेतल्या. आणि ज्यानं तोडलं त्यालाच जोडायला बोलावत राहिले.

"त्या दिवशी तू डब्यावरून उठून आलास," मी विचारलं, "हाताला वरण व्हतं. त्या दिवशी बी तूच बंद केलं व्हतंस का त्या दिवशी खरंच गेलं व्हतं?"

त्यानं खरोखर आठवून बघितलं. मी त्याचा चेहरा ओळखते. मग मान हलवली. "न्हाई आठवत आता."

मला वाटतं, त्या उत्तरानं मी जास्त खचले. तोडणं मी समजून घेतलंही असतं कदाचित. पण आता ती दुपार माझ्याकडे कुठलीच राहिली नाही. खरी म्हणूनही नाही, खोटी म्हणूनही नाही. अशा कितीतरी दुपारी.

बाईंची मेल चार दिवसांनी आली. सभ्य भाषेत होती. वारंवार येणाऱ्या तांत्रिक अडचणी बघता यावेळी विचार करता येणार नाही, संध्याकाळचे तास चालू ठेवावेत. मी त्यांना खरं काय ते कळवलं नाही. काय लिहिणार होते? माझा भाऊ माझं नेट बंद करत होता, असं? मी लिहायला घेतलं होतं. दुसऱ्या ओळीतच वाटलं, ही गोष्ट परक्या माणसाला सांगितली की दादा कायमचा तसाच राहील, एका मेलमधला माणूस.

वहिनींशी मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच मला मोरीपाशी गाठलं. "मला पहिल्या वेळेलाच कळलं व्हतं," त्या म्हणाल्या. "म्या म्हणलं त्यांना, असं करू नका. त्यांनी म्हणलं, तू मधात पडू नको."

"मला सांगायचं ना, वैनी."

"तुमी जाणार व्हता. मला इथंच ऱ्हायचंय," त्या म्हणाल्या आणि धुण्याची बादली उचलून बाहेर गेल्या. त्या खोटं बोलल्या नाहीत, एवढं तरी.

घरात राहणं मला जमेना. भांडण झालं नाही, आवाज चढले नाहीत. दादानं राऊटरचा पासवर्ड माझ्या हवाली केला, ज्या ॲपवरून तो दुकानात बसून नेट बंद करायचा ते माझ्यासमोर मोबाईलमधून काढून टाकलं. सकाळी अण्णांना आंघोळ घालत राहिला. पण किल्ली हातात घेऊन तो दारात थांबला आणि आता काय विचारावं हे न कळून तसाच निघून गेला, असं आठवडाभर बघितल्यावर मी हिंगोलीतल्या एका शिकवणी वर्गात विचारलं. त्यांना दहावीच्या गणिताला शिक्षक हवा होता. पुण्याएवढं काही नाही. पण मुलं समोर बाकावर बसतात, आणि मी वर्गात असले की मधेच नाहीशी होत नाही.

मी अण्णांना विचारलं, "माझ्यासंगं हिंगोलीला येता का?"

त्यांनी खूप वेळ घेतला. मला वाटलं शब्द शोधताहेत. मग म्हणाले, "दादा... काय... म्हणंल?"

मी त्यांची बोटं उघडत-मिटत राहिले. घरात काय झालं ते मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही. संध्याकाळी त्यांनी स्वतःच मला हाक मारली आणि म्हणाले, "येतो... माय."

आता आम्ही हिंगोलीत स्टेशनच्या बाजूला दोन खोल्यांत राहतो. खालच्या मजल्यावर, अण्णांच्या खुर्चीसाठी. मी वर्गावर असते तेव्हा एक मावशी त्यांच्याजवळ बसतात. संध्याकाळचे पुण्याचे तास मी इथून घेते. दादा दर रविवारी येतो, अण्णांची दाढी करतो, नखं काढतो. त्याचा हात हलका आहे, माझ्याकडून अण्णांना नेहमी थोडं कापतं. तो असताना मी स्वयंपाक करते. आम्ही भाव, पाऊस, नातेवाईक यांच्याबद्दल बोलतो.

गेल्या महिन्यात साखरा गावात आत्याच्या नातवाचं बारसं होतं. आम्ही सगळेच गेलो होतो. मांडवात जेवायला बसले असताना आत्यानं चार बायकांपुढे मला विचारलं, "काहून गं, भावाचं भरलं घर सोडून बापाला भाड्याच्या खोलीत नेलंस? त्या माणसानं काय कमी केलं तुझं? लॅपटॉप आणला, नेट आणलं, नोकरी लावली." बाकीच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. एकीनं मान डोलावली.

दादा ताकाची बादली घेऊन त्याच पंगतीत वाढत होता. त्याला ऐकू गेलं होतं. तो थांबला. मी त्याच्याकडे बघितलं. मला काहीच बोलायचं नव्हतं, मला त्याचं ऐकायचं होतं.

"आत्या, तिच्या कामाचं व्हतं म्हणून गेली," तो म्हणाला. "तिची काही चूक न्हाई."

मी वाट बघितली. आत्याही बघत होती, पुढे काय म्हणतो ते. त्यानं पळी बादलीत बुडवली, माझ्या वाटीत ताक ओतलं, थोडं जास्तच ओतलं, ते ताटात सांडलं. मग तो पुढच्या माणसाकडे सरकला आणि विचारायला लागला, "ताक घेता का, ताक?"